द्वारकावहिनींची चांदीपची वाट

मोटारीत बसण्यापूर्वी द्वारकावहिनी पदर कमरेला खोचत, बॉनेट उघडत आणि ब्रेकच्या तेलाच्या लहानशा डबीत करंगळी बुडवून वास घेत. एक विधवा बाई मोटार चालवते याचेच वसईत नवल होते. तिच्या या हुंगण्याची तर नक्कल होई. त्या म्हणत, "ह्यांनी मला गाडी पळवायला दोन दिसांत शिकवली, थांबवायला वरीसभर."

मी त्यांच्या केळीच्या वाडीतल्या एका खोलीत भाडेकरू होते आणि शाळेत शिकवीत असे. घर चालवीत ते त्यांचे धाकटे दीर. भाऊजी मनाने वाईट नव्हते. वहिनींना ऊन लागू नये, लोकांनी त्यांना बोल लावू नये, याचीच त्यांना काळजी. मोटार विकावी, असे ते अधूनमधून सुचवीत. वहिनी हसून विषय टाळत. माहेरी, चांदीप गावी, त्यांची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली होती. मोटार गेली की तिची भेट भाऊजींच्या सवडीवर जाणार, हे त्या जाणून होत्या.

ब्रेकचे तेल एरंडेलाच्या जातीचे असे आणि ते मुंबईहूनच आणावे लागे. ते नसेल तर मोटार उभी राही, पण दुसरे तेल वहिनी घालू देत नसत. "आतल्या रबराला दुसरं सोसत नाय. घसा सुजला तर पानी उतरंल का? तसंच ते."

एकदा त्या आठवडाभर तापाने पडून होत्या. उठल्या त्याच दिवशी आईची वाचा बसल्याचा निरोप आला. त्या दिवशी बॉनेट उघडण्याचे भान राहिले नाही. अशक्तपणा होता, म्हणून मी सोबत गेले. रेल्वेचे फाटक ओलांडून पूर्वेला वळलो आणि मोटार जड होत गेली. जळका वास येऊ लागला. अखेर चाके आवळून ती शेतांच्या मधोमध उभी राहिली.

वहिनींनी बॉनेट उघडून डबीत करंगळी बुडवली आणि हुंगली. "हे पंपाचं तेल!"

वाडीला पाणी देणाऱ्या इंजिनाचे ते तेल होते; त्याने आतली रबरे सुजून ब्रेक आवळून बसले होते. मी भीत भीत म्हटले, "आपण चालत जाऊ या का?"

"आज गाडी रस्त्यात टाकली ना बाई, तर उद्या ती इकली म्हनून समजा."

त्यांनी पाना घेतला, चिखलात बसून एकेका चाकामागचा स्क्रू सैल केला आणि अडकलेले तेल बाहेर सोडले. चाके सुटली, पण आता ब्रेकच उरला नव्हता. हातब्रेकवर भिस्त ठेवून आम्ही बैलाच्या चालीने चांदीपला पोहोचलो. आईने लेकीला ओळखले आणि तिची बोटे घट्ट धरून ठेवली.

मोटार वाटेत अडल्याचे कुणाकडून तरी कळून संध्याकाळी भाऊजी बैलजोडी आणि दोरखंड घेऊन आले. "वयनी, डबी रिकामी दिसली, म्हनून मीच भरली. पंपाला चालतं ते मोटारीला नाय चालत?"

"तुमी चांगल्यासाठीच केलंत," वहिनी म्हणाल्या. मला मात्र नंतर हळूच म्हणाल्या, "वाईट करनाऱ्याशी भांडता येतं, बाई. काळजी करनाऱ्याचं काय करायचं?"

रबरे बदलून मोटार नीट झाली. भाऊजींनी तिच्यासाठी खोपी बांधली आणि खोपीला कुलूप लावून मोटारीची किल्लीही स्वतःकडे ठेवली. किल्ली ते मागताक्षणी देत, फक्त विचारत, "कुठं? कोन सोबत? परत कवा?" उत्तरे देऊन देऊन वहिनी थकल्या आणि पुढे किल्ली मागेनाशा झाल्या. चांदीपला जाणे सणासुदीवर आले.

मग एका सकाळी आई गेल्याचा निरोप आला. भाऊजींनी स्वतः कुलूप उघडले आणि काही न विचारता मोटारीची किल्ली वहिनींपुढे धरली.

वहिनींनी हात पुढे केला नाही. "राहू द्या, भाऊजी," त्या म्हणाल्या. "आता बैलगाडी पन चालंल."