महानंदाचं मत

फोन महानंदाच्या लेकीचा होता. "मावशी, तुम्ही बसून आहात ना?" एवढंच ती म्हणाली आणि मी स्वयंपाकघराचा ओटा घट्ट धरला. नंदा गेली होती. धर्माबादला, आपल्याच घरी, छातीत कळ येऊन... आदल्याच आठवड्यात कुठल्याशा नव्या सिनेमावर ती फोनवर इतक्या तावातावानं बोलत होती, की मी म्हटलं, "हळू बोल, नंदा, बीपी वाढेल." तर हसून म्हणाली, "सुले, तू अजून भितीसच का गं?" भीतच होते. मी नांदेडला, ती धर्माबादला, दोघींची नातवंडं शाळेत जायला लागली, तरी तिच्याविषयीची धाकधूक काही माझ्या मनातून गेली नाही. ती कधी सुरू झाली हे मला पक्कं ठाऊक आहे. या काही आठवड्यांत तोच उन्हाळा सारखा डोळ्यांपुढे येतोय.

आम्ही दोघी तेव्हा लातुरात कॉलेजला होतो, आणि लातूर नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या होत्या, बदलून आलेले साहेबलोक भाड्यानं खोल्या शोधत फिरायचे, आणि गावात पाणी नव्हतं. नळ आटलेले. टँकर कधी येईल ते कुणालाच माहीत नसायचं, म्हणून बाया घागरी ओळीनं लावून सकाळपासून गल्लीत बसून असायच्या. त्या रांगेत सगळ्या जगाच्या गोष्टी व्हायच्या, आणि त्या उन्हाळ्यात गोष्ट होती एकाच सिनेमाची. हिंदीतले झाडून सगळे मोठे नट त्यात होते. नायक चोरट्या मालाच्या टोळीतला. तो नायिकेच्या मागं लागतो, भर बाजारात तिचा हात धरतो, तिला उचलून नेतो, आणि मध्यंतरानंतर तीच त्याच्यावर जीव टाकते. शेवटी तो गोळी लागून तिच्या मांडीवर मरतो तेव्हा टॉकीजभर हुंदके ऐकू यायचे. मीही रडले होते. शेजारी नंदा मात्र ओठ आवळून बसली होती.

जिल्हा झाल्यावर निघालेल्या एका साप्ताहिकानं प्रेक्षकांची मतं मागवली. लोकांनी गाणी झकास, मारामारी जोरदार, असं लिहून पाठवलं. नंदानं लिहिलं, "हात धरला तेव्हा ती 'नको' म्हणाली होती. ते आपण सगळ्यांनी ऐकलं, तरी शिट्ट्या वाजवल्या. भीती वाटणं आणि प्रेम वाटणं यांतला फरक हा सिनेमा काढणाऱ्यांना कळलेला नाही." ते तिच्या नावागावासकट, गल्लीसकट छापून आलं. तिच्या अप्पांचं गोलाईच्या बाजारात कापडाचं दुकान. गिऱ्हाइकं तो अंक गल्ल्यावर ठेवून हसायला लागली, आणि औशाहून तिला बघायला येणाऱ्या पाहुण्यांनी 'सध्या जमत नाही' असा निरोप धाडला. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा अप्पा ओसरीत येरझाऱ्या घालत होते.

"लिहायचं ते लिही की, पण नाव कशाला घातलंस?"

"नाव न्हाई घातलं तर मत कुणाचं, अप्पा?"

अप्पा पुन्हा चालायला लागले.

टँकरच्या रांगेत तर सगळ्या तिच्यावर तुटून पडल्या. सगळ्यांत पुढं आमच्या गल्लीतल्या कमळाबाई. "आगं, सोन्यासारखा गडी तिच्यापायी जीव देतो, अन् तू त्यालाच नावं ठेवून राहिलीस? म्या दोनदा बघितला, दोन्ही बारी रडले." नंदा हसून सोडून द्यायची. पण त्याच सुमाराला कमळाबाईंचा मुलगा सुरेश आमच्या मागं यायला लागला. केस त्या नायकासारखे वाढवलेले, गळ्यात रुमाल. आम्ही कॉलेजला निघालो की पाठीमागून सायकलची घंटी वाजायची, आणि अगदी नंदाच्या कानाशी येऊन तो म्हणायचा, "आज न्हाई तर उद्या, हाव म्हणशीलच." आम्ही रस्ता बदलला, त्यानंही बदलला. घरी सांगावं तर कॉलेज बंद होणार. न सांगावं तर... नंदा भीती बोलून दाखवत नसे, पण चालताना तिचे तळहात घामानं ओले असायचे. माझा हात तिच्या हातात असायचा ना, मला कळायचं.

एके दिवशी टँकर आला आणि नेहमीसारखी झुंबड उडाली. नंदा भरलेली घागर उचलत होती, तेवढ्यात सुरेश गर्दीतून आला आणि त्यानं तिचं मनगट धरलं. अगदी सिनेमातल्यासारखं. घागर कलंडली, पाणी मातीत गेलं. पलीकडच्या पोरांनी शिट्टी मारली, दोन-तीन बाया चक्क हसल्या. मी नंदाचा दुसरा हात धरून मागं ओढत होते. नंदा ओरडली नाही. तिनं रांगेकडं मान वळवली.

"कमळाकाकू, मी नको म्हणून राहिले. तुम्हाला ऐकू येतंय का?"

कमळाबाईंचा नंबर आला होता. नळीचं तोंड त्यांच्या घागरीत होतं. ती तशीच सोडून त्या आल्या. मारलं नाही, शिवी दिली नाही. मुलाच्या तोंडाकडं बघत राहिल्या, जणू ओळख पटत नव्हती. मग म्हणाल्या, "सोड." त्यानं हात सोडला. त्या त्याला घेऊन घरी गेल्या. पाण्याला पुन्हा आल्याच नाहीत. माझी भरलेली घागर आम्ही दोघींनी त्यांच्या दारात नेऊन ठेवली. दार उघडलं नाही, पण आतून कुणीतरी रडत होतं.

गोष्ट तिथं मिटली असं आज सांगता येतं. तेव्हा तसं वाटलं नव्हतं. सुरेशला मामाकडं धाडलं, तरी सायकलची घंटी वाजली की आम्ही दोघी दचकायचो. अप्पांनी कॉलेज बंद केलं नाही, हे त्यांचे उपकार. पण दुकान सोडून ते कितीतरी दिवस आमच्या मागून चालत यायचे, दूर अंतरावरून, छत्री टेकत. नंदा शिकली, शिक्षिका झाली, लग्न होऊन धर्माबादला गेली.

परवा तिच्या घरी जाऊन आले. तिचे यजमान, शिवराजभाऊजी, टीव्हीसमोर एकटेच बसले होते. जन्मभर आडतीचं काम केलेला अबोल माणूस. त्या दिवशी मात्र आपणहून बोलले. "बघायला गेलो तवा हिनंच मला इचारलं, तो शिनेमा कसा वाटला म्हणून. म्या खरं सांगितलं, मला झोप लागली. लई हसली. पुढं जल्मभर तेच. शिनेमा लागला की म्या झोपायचो, अन् संपला की ही हलवून उठवायची. म्हणायची, सांगा, तुमचं मत काय? म्या आपलं काहीबाही ठोकून द्यायचो, अन् मग भांडण."

पडद्यावर कुठलासा सिनेमा संपून नावं वर सरकत होती. त्यांनी आवाज बंद केला.

"आता झोपच येत न्हाई, सुलूताई. शेवटपर्यंत बघतो."