पाय माझा, उत्तर नातेवाइकांना

आज सोमवारी सकाळी सव्वाअकरा वाजता डॉक्टरांनी माझ्या पायाबद्दल माझ्याशीच बोलायला नकार दिला.

गर्भपिशवी काढून महिना झाला, तरी डावं पाऊल बधिर आहे. चप्पल निसटली तरी कळत नाही. कारण विचारलं तर म्हणाले, “नातेवाइकांना आणा, त्यांना समजावतो.”

कुठून आणू? बाहेर येऊन हे बोलले, तर तिथं बसलेली केदारखेड्याची अनोळखी बाई म्हणाली, “मंग मी येते की! बहीण म्हणून सांगा.”

डॉक्टरांनी तिला लगेच सांगितलं: ऑपरेशनभर पाय उंच बांधले होते, त्यात नस दबली असावी. जणू पाय तिचाच!

मैत्रिणींनो, मी दवाखान्यात अर्ज देऊन आले. पाय किती वेळ, कसे बांधले होते, याचं लेखी उत्तर शुक्रवारी पाचच्या आत हवं. पाकिटावर माझंच नाव घाला, डॉक्टर. घरात ते उघडणारं दुसरं कोणी नाही.