खऱ्यासारखी मॅच

मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा कपडे, लॅपटॉप, अगदी गादीसुद्धा घेऊन गेला. टीव्हीला जोडलेला गेमचा डबा मात्र त्याने इथेच ठेवला. "मी तिकडे नवीन घेणार आहे, हा तुम्हाला असू दे," म्हणाला. तुम्हाला म्हणजे मला आणि ह्यांना. मी शाळेत गणित शिकवते, हे अलिबागला कचेरीत जातात. रेवदंड्याच्या अलीकडे आमचं घर, मागे नारळ-सुपारीची वाडी. मुलगा गेल्यावर संध्याकाळी घरात बोलायलासुद्धा विषय उरला नाही, तेव्हा एक दिवस ह्यांनी तो डबा चालू केला आणि फुटबॉलचा गेम लावला. हे कॉलेजात असताना फुटबॉल खेळायचे. मला फुटबॉलमधलं काही म्हणता काही कळत नव्हतं.

महिन्याभरात मला त्याचं वेड लागलं.

आमचं भांडण व्हायचं ते सेटिंगवरून. ह्यांना सगळं खऱ्यासारखं हवं. पाऊस हवा, ओल्या मैदानात बॉल मंदावायला हवा, खेळाडू दमायला हवेत, ऑफसाइड हवा, फाऊल हवेत, दुखापती हव्यात. मॅच सुरू होण्याआधी दोन्ही टीम रांगेने बाहेर येतात, हात मिळवतात, तेही हे चहाचा कप हातात धरून शेवटपर्यंत बघत बसायचे.

"उडवा ना ते," मी म्हणायची. बटण दाबलं की ते सगळं वगळता येतं.

"अगं, वातावरण तयार होतं त्याने."

एवढं वातावरण तयार करून मॅच सुटायची शून्य-शून्य.

मला मेन्यूत दुसरी सेटिंग सापडली. त्यात फाऊल बंद, दमणं बंद, खेळाडू मोटारसायकलसारखे पळतात, अर्ध्या मैदानातून मारलेला बॉल वळून जाळ्यात जातो. नऊ-सात, अकरा-आठ असे स्कोअर. हे कपाळाला हात लावायचे. "हा फुटबॉल नाही, ही जत्रा आहे."

"मग मला जत्रेलाच जायचंय."

शेवटी ठरलं, एक मॅच त्यांच्या पद्धतीची, एक माझ्या.

माझ्या मॅचमध्ये मला सगळ्यात जास्त काय आवडायचं, ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. बॉल घेऊन पळणाऱ्याला मागून जाऊन आडवा करायला आवडायचं. दिवसभर शाळेत 'रांगेत चला', 'धक्का देऊ नका', 'आधी तिची माफी माग' असं बोलून माझा घसा बसतो. घरी आल्यावर एका बटणावर समोरचा माणूस चेंडूसारखा उडतो, जमिनीवर आपटतो आणि लगेच उठून पळायला लागतो. मी खदखदून हसायची. ह्यांच्या खऱ्यासारख्या मॅचमध्येही मी तेच बटण दाबायची. तिथे खेळाडू उठायचा नाही. गुडघा धरून लोळायचा, तोंड वेडंवाकडं करायचा, शिट्टी वाजायची, मला पिवळं कार्ड मिळायचं. पण गोल वाचायचा.

"हे बरं जमतं तुला," हे म्हणायचे. "खरे खेळाडूही असंच करतात म्हणा."

माघी गणपतीत आमच्या आळीचं मंडळ समाजमंदिरात कार्यक्रम ठेवतं. रांगोळी, पाककृती, संगीत खुर्ची. यंदा मंडळाच्या तरुण मुलांनी चाळिशीच्या पुढच्यांसाठी या गेमची स्पर्धा ठेवली. मोठा पडदा, दोन खुर्च्या आणि माइकवर कॉमेंट्री. सेटिंग कोणती ठेवायची हे विचारायला मुलं आमच्याकडे आली. ह्यांनी अर्थातच खऱ्यासारखी सांगितली. "नाहीतर म्हातारी माणसं म्हणतील, काय पोरखेळ लावलाय." मी नाक मुरडलं, पण नाव दिलं.

पहिली मॅच मी आरामात जिंकले. समोरच्या वहिनींना कोणतं बटण कशाचं हेच माहीत नव्हतं. दुसऱ्या मॅचला माझ्यासमोर रेफरीकाका आले.

आळीतले सगळे त्यांना याच नावाने ओळखतात. बँकेतून निवृत्त झाले त्यालाही पुष्कळ वर्षं झाली. तालुक्यातल्या शाळांच्या मॅचेस ते कित्येक वर्षं हौसेने खेळवायचे, अर्ध्या गावाने त्यांची शिट्टी ऐकलेली आहे. त्यांच्या सुनेने परस्पर नाव दिलं होतं. काका खुर्चीत टेकले, रिमोट दोन्ही हातांत पूजेच्या ताम्हणासारखा धरला आणि मला म्हणाले, "बाई, मला हे येत न्हाय हां. सांभाळून घ्या."

"मला तरी कुठे येतंय काका," मी म्हटलं. हे खोटं होतं.

त्यांना खरंच येत नव्हतं. पण त्यांच्या टीममध्ये उजव्या बाजूला एक किरकोळ अंगाचा, चपळ खेळाडू होता. तो त्यांना फार आवडला. बॉल मिळाला की ते कसंही करून त्याच्याकडे द्यायचे आणि मोठ्याने बोलायचे, "चल पोरा, चल. घाई करू नको. हां, आता वर बघ." लोकांना मजा वाटायला लागली. मागच्या बायकाही 'चल पोरा' म्हणायला लागल्या. मला आतून थोडा राग येत होता. माझ्या शाळेच्या मुली तिथे होत्या आणि त्यासुद्धा काकांच्या बाजूने ओरडत होत्या.

मॅच संपत आली तरी शून्य-शून्यच होती. तेवढ्यात माझ्याकडून पास चुकला, बॉल त्या पोराच्या पायात गेला आणि त्याच्यापुढे माझा गोलकीपर सोडून कोणी राहिलं नाही. काका खुर्चीतून अर्धे उठले. सगळं समाजमंदिर उठलं. माझा अंगठा आपोआप त्या बटणावर गेला. माझ्या खेळाडूने मागून घसरत येऊन त्याचे दोन्ही पाय उडवले. पोरगं हवेत फिरलं आणि खांद्यावर पडलं.

"पडला मेला!" मी ओरडले आणि हसले.

घरी मी अशीच ओरडते. पण कॉमेंट्री करणारा मुलगा त्या क्षणी माइक घेऊन माझ्या खुर्चीशी वाकला होता. माझे ते दोन शब्द आणि माझं हसणं चारी कोपऱ्यांतल्या स्पीकरमधून आलं. मला माझाच आवाज ओळखू आला नाही. कोणीतरी परकी, उद्धट बाई हसते आहे असं वाटलं.

पडद्यावर शिट्टी वाजली, माझ्या खेळाडूला लाल कार्ड मिळालं. पोरगं पाय धरून पडलं होतं. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन मैदानात आली. मला तिथून लवकरात लवकर पुढे जायचं होतं, म्हणून मी वगळायचं बटण दाबलं.

"अहो थांबा ना जरा, बाई," काका म्हणाले. "पोराला नीट बाहेर तर जाऊ द्या."

पण चित्र उडी मारून पुढे गेलं होतं. स्ट्रेचर नाही, पोरगं नाही. त्याच्या जागी दुसराच उंच खेळाडू उभा होता. काका पडद्याकडे बघत राहिले. "कुठे गेला तो?" त्यांनी विचारलं. मग मागून कोणीतरी हसलं, त्याच्या पाठोपाठ आणखी बरेच जण हसले.

माझे कान इतके तापले की मला हात लावून बघावंसं वाटलं. ह्यांच्याकडे बघायची हिंमत झाली नाही. मी मनात ठरवलं, आता हरायचं. मी बटणं दाबणं जवळजवळ सोडून दिलं. पण काकांनीही सोडून दिलं होतं. रिमोट मांडीवर ठेवून ते नुसते बसले होते. बॉल मैदानाच्या मधोमध रेंगाळत राहिला आणि मॅच पेनल्टीवर गेली. काकांचे फटके बाहेर गेले. मी मुद्दाम गोलकीपरच्या अंगावर सरळ बॉल मारला, म्हटलं, अडव बाबा. गोलकीपरने नेमकी डावीकडे उडी घेतली आणि बॉल तो होता त्या जागेवरून शांतपणे आत गेला. मी जिंकले. टाळ्या वाजल्या, त्याही अर्धवट. काका उठले, माझ्याकडे बघून हात जोडले आणि चपला शोधत बाहेर गेले.

पुढची मॅच मी डोकं दुखतंय सांगून सोडली. घरी चालत येताना फाटकाशी आल्यावर हे म्हणाले, "दुखापतीची सेटिंग मी बंद करायला हवी होती. आपली माणसं, कशाला हवं होतं ते." माझ्या हसण्याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

शाळेत मला वाटलं होतं की मुली तोंड फिरवतील. झालं उलटंच. मधल्या सुट्टीत आठवीतली एक मुलगी दोन मैत्रिणींना घेऊन आली आणि डोळे चमकवत म्हणाली, "बाई, काय तंगडी घातलीत तुम्ही! एकदम भारी!" तिला रागवावं तर कशासाठी? मी वह्या तपासायच्या आहेत असं पुटपुटले आणि खाली बघत राहिले. त्याच दिवशी नंतर त्याच मुलीने खो-खोच्या वेळी एकीला जोरात ढकललं. मी तिला बोलावलं, पण 'आधी तिची माफी माग' हे माझ्या तोंडातून निघेना. शेवटी नुसतंच म्हटलं, "जा, हात-पाय धुऊन या दोघी."

काका विसर्जनाला दिसले नाहीत. त्याआधीच्या आरत्यांनाही आले नव्हते, असं त्यांची सून विहिरीच्या पंपाजवळ भेटली तेव्हा म्हणाली. मग रविवारी सकाळी मी नारळाच्या वड्यांचा डबा घेतला आणि त्यांच्याकडे गेले. वाटेत वाक्यं जुळवत होते. 'काका, मी तशी नाही.' पण मी तशीच होते, हे सगळ्यांनी ऐकलं होतं. 'काका, तो नुसता खेळ होता.' हे त्यांनाही माहीत असणार.

काका अंगणात वाळत घातलेली सुपारी हाताने पसरत होते. मला बघून गडबडले. आतून खुर्ची आणली, ती रुमालाने पुसली.

"काका, मी माफी मागायला आले," मी म्हटलं.

"कसली?"

"त्या दिवशी मी हसले. आणि ते जे बोलले ते."

त्यांना आठवेना, की आठवूनही आठवत नाही असं दाखवत होते, मला कळलं नाही. "छे छे, खेळताना येतं तोंडात. मैदानावर मी काय काय ऐकलंय! तुमचं काहीच नाही ते." मग सुपारीकडे बघत, आवाज खाली आणून म्हणाले, "पण बाई, लोक मला फार हसले ना?"

"तुम्हाला?"

"म्हणजे काय, चित्रातला पोरगा कुठे गेला म्हणून विचारलं मी. म्हातारा चळला, असंच वाटलं असणार सगळ्यांना. मला कळत होतं हो, की ते खरं नाही. एवढं कळतं मला. पण इतकं हुबेहूब होतं, तोंडातून निघून गेलं." ते पुन्हा सुपारी पसरायला लागले. "सुनेला म्हटलं, माझे पाय दुखतात. म्हणून आरतीला गेलो नाही."

मी वड्यांचा डबा मांडीवर धरून बसले होते. माझ्या हसण्याने त्यांचं मन दुखावलं असेल, त्यांना माझा राग आला असेल, असं धरून मी आले होते. त्यांना माझा राग आलाच नव्हता. ते स्वतःचीच लाज घेऊन घरात बसले होते आणि ती लाज मी त्यांना दिली होती. मी ते वगळायचं बटण दाबलं नसतं, तर पोरगं स्ट्रेचरवरून सावकाश बाहेर गेलं असतं आणि काकांना काही विचारावंच लागलं नसतं.

"तुम्हाला नाही हसले काका, मला हसले," मी म्हटलं.

"तुम्हाला कशाला हसतील?" ते अगदी मनापासून म्हणाले. "तुम्ही तर जिंकलात."

मी खूप समजावलं. ते मान हलवत राहिले, पण त्यांना पटलं नाही हे दिसत होतं. त्यांना वाटलं, मी समजूत काढायला आले आहे. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "तो पोरगा पुढच्या मॅचला खेळतो का हो? की गेला तो गेलाच?"

"खेळतो. पुन्हा सुरू केलं की सगळे धडधाकट."

"असं का." त्यांना बरं वाटलं. मग लगेच ओशाळून हसले. "बघा, पुन्हा तेच विचारलं मी. कोणाला सांगू नका हां."

मी त्यांना आमच्याकडे खेळायला बोलावलं. दुखापती बंद करू, हवं तर हळू सेटिंग लावू, म्हटलं. "नको बाई, ते तुम्हा मंडळींचं," म्हणाले. मी दोनदा-तीनदा बोलावलं. ते आले नाहीत. आरत्या संपल्या होत्या, त्यामुळे तिथे ते परत आले असते की नाही हेही कळायला मार्ग नाही.

मी ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं आणि डब्यावर टॉवेल टाकून ठेवला. दोन आठवडे आम्ही त्याला हात लावला नाही. संध्याकाळी टीव्हीवर बातम्या लावायचो आणि दोघंही न बघता बसायचो.

मग एक दिवस मीच टॉवेल काढला. आता दुखापती बंद असतात, एवढं मात्र मी पाळते. हे अजून पाऊस लावतात, मी अजून जत्रा लावते. पहिल्या दिवशी आडवं करायचं ते बटण दाबताना अंगठा थोडा अडखळला. दुसऱ्या दिवशी नाही. खेळाडू उडाला, आपटला, उठून पळाला आणि मला हसू आलं. मजा आली, अगदी पूर्वीइतकीच आली. या सगळ्या प्रकरणात मला लाज वाटावी असं बरंच आहे, पण सगळ्यात जास्त वाटते ती याची.

काका संध्याकाळी समुद्रावर फिरायला जातात ते आमच्या कुंपणाजवळूनच. येताना ते खोकतात, जरा लांबूनच ऐकू येतं. तेवढ्यापुरता मी टीव्हीचा आवाज बंद करते आणि ते वळणापलीकडे जाईपर्यंत आम्ही दोघं पडद्यावरची मुकी माणसं पळवत राहतो.