पावडीवरचा अंगठा

दुखत होता माझ्या उजव्या पायाचा अंगठा, पण घरात पहिले आठ दिवस चर्चा झाली ती लाखोरीच्या डाळीची. धान कापलं की बांधीतल्या, म्हणजे खाचरातल्या, ओलीवरच लाखोरी टाकायची, ही आमच्याकडची रीत. आणि ती फार खाल्ली तर माणूस पायांनी अधू होतो, ही आमच्याकडची भीती. मला लाखोरीचे वडे जीव की प्राण. त्यामुळे आणीबाणीच्या आदल्या वर्षी एका पहाटे मी अंगठा धरून ओरडत उठलो, तेव्हा मायेनं पायाकडे पाहायच्या आधी डाळीच्या मडक्याकडे पाहिलं.

"सांगत होती ना मी, लाखोरी खाऊ नोको म्हणून!" असं म्हणून ती मडकं उचलून शेजारणीला देऊन आली. शेजारणीच्या पायांचं काय होईल, हा विचार काही तिला शिवला नाही.

अंगठा लाल झाला होता, टम्म फुगला होता आणि हात जवळ नेला तरी धग लागत होती. चादरीचं टोक त्याच्यावर पडलं तर डोळ्यांपुढे काजवे चमकत. बायको बिचारी पंख्यानं वारा घालायला आली, तर तिच्यावरही खेकसलो.

"अजी, वारा कसा दुखन?" ती म्हणाली.

"तुले होईन तवा समजन!"

आठ दिवसांनी दुखणं आलं तसं गेलं. अंगठा पुन्हा पहिल्यासारखा. मी गावभर ताठ चालून दाखवलं. महिन्याभरानं ते परत आलं, आणि मग येतच राहिलं.

दुसऱ्या कोणाचा अंगठा असता तर एवढं बिघडलं नसतं. पण आम्ही कोष्टी. पवनीपासून पायी जाता येईल एवढ्यावर आमचं गाव, आणि आमचा माग खड्ड्याचा. विणकर जमिनीवर बसतो आणि पाय खाली खड्ड्यात सोडतो. तिथं दोन पावड्या, एकेका पायाला एकेक. एक पावडी दाबली की ताण्याचे अर्धे उभे धागे वर जातात, अर्धे खाली येतात. त्या फटीतून धोटा पळवायचा, मग दुसरी दाबायची. लोकांना वाटतं लुगडं हातांनी विणतात. हात नुसते मिरवतात, राबतात ते पाय. पावडी जराशी कमी दबली की फट पुरती उघडत नाही, धोटा जातो पण चार धागे सोडून जातो, आणि तेवढ्या जागी कापड झिरझिरीत होतं. माझी दोन लुगडी अशी झिरझिरीत निघाली आणि आमचा माल घेणाऱ्या विणकर सोसायटीच्या माणसानं ती बाजूला काढून ठेवली. बाकीच्या विणकरांसमोर. त्या दिवशी मी घरी जेवलो नाही.

मायेनं मात्र उपाय केव्हाच शोधला होता. "पायाले पायच लागते," ती म्हणाली. म्हणजे बकऱ्याचे पाय. ते ती चुलीवर अर्धा दिवस शिजत ठेवायची, आणि ताकद यावी म्हणून वरून कलेजी टाकायची. तो रस्सा काय व्हायचा! वाटी तोंडाला लावली की ओठ चिकटायचे. अंगठा दुखला की रस्सा, बरा झाला की तो तसाच राहावा म्हणून रस्सा. खाटकानं आमच्यासाठी पाय वेगळे ठेवायला सुरुवात केली. दीड वर्ष मी तो रस्सा ओरपला आणि दीड वर्ष बोंबललो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं माझ्या डोक्यात चुकूनही आलं नाही. मी स्वतःला हुशार समजत होतो, हे इथं कबूल केलेलं बरं.

शेवटी बायकोनं हट्टानं भंडाऱ्याच्या एसटीत बसवलं. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि याला गाऊट म्हणतात असं सांगितलं. रक्तात एक आम्ल वाढतं, त्याचे बारीक खडे सांध्यात जाऊन बसतात. दुखायला लागताच घ्यायच्या गोळ्या दिल्या, पाणी भरपूर प्यायला सांगितलं. मटण, त्यातही कलेजी आणि पाय, बंद. दारू तर नावालाही नाही. मी पायांच्या रश्श्याचं त्यांना सांगितलंच नाही. लाज वाटली.

घरी येऊन मायेला सांगितलं, तर तिनं हातच झटकला. "डागदरले काय मालूम? त्याच्या मायनं कधी त्याले पाय शिजवून घातले असन का?"

भांडून उपयोग नव्हता. मायेला अक्षरओळख नव्हती, त्यामुळे डॉक्टरांची चिठ्ठी तिच्या लेखी कोरा कागद. पण सूत तिला कळायचं. लग्न होऊन आली त्या दिवसापासून ती धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरत होती. ताण्यातला तुटका धागा ती उंबऱ्यावरून ओळखायची. म्हणून दसऱ्यापासून मी मागाजवळच्या खांबाला एक पांढरा दोर बांधला आणि रोज सकाळी त्याला एक गाठ मारायला लागलो. ज्या दिवशी रस्सा प्यालो त्या गाठीत हिरवा धागा. ज्या दिवशी अंगठा दुखायला लागला त्या गाठीत लाल. हे काय चाललंय म्हणून कोणी विचारलं की नवस आहे म्हणायचो. रस्सा मी मुद्दाम चालू ठेवला, आणि खरं सांगायचं तर तो आवडतही होता.

माघात एक दिवस घरापुढे बैलगाडी उभी राहिली आणि गाडीभर मुरूम ओतून गेली. माझा थोरला भाऊ दुकानातून बाहेर आला. दहा वर्षं माग चालवून त्यानं ओसरीत किराण्याचं दुकान टाकलं होतं, आणि वडील गेल्यापासून घर त्याच्याच शब्दावर चाले.

"पाडव्याले खड्डा बुजवून टाकू," तो म्हणाला. "तिथं दुकान वाढवतो. तू तराजूजवळ बस आरामात, पाय लांब करून."

"आन् माग?"

"कोणाले पाहिजे तुहा माग? सोसायटी घेऊन नाही राहिली ना."

तो चिडून बोलला असता तर मीही चिडलो असतो. पण तो जिव्हाळ्यानं बोलत होता, माझ्या पायाकडे पाहत बोलत होता. मला रडू आलं. मला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही यावं अशी इच्छाही नव्हती. खड्डा बुजला की मी तराजूजवळचा एक लंगडा माणूस, एवढंच उरणार होतं.

"पाडव्यापावतर एक लुगडं काढतो," मी म्हणालो. "त्यात एक जरी धागा सुटला तर मीच फावडा घेतो."

"कबूल," तो म्हणाला.

त्याच दुपारी मी खांबाचा दोर सोडला आणि मायेच्या मांडीवर ठेवला. कोणता रंग कशाचा तेवढं सांगितलं. तिनं तो कांडीवरच्या सुतासारखा बोटांतून सरकवायला सुरुवात केली. पांढऱ्या गाठी, पांढऱ्या गाठी, मग हिरवी, आणि एक-दोन गाठी टाकून लाल. पुन्हा पांढऱ्या, पुन्हा हिरवी, पुन्हा लाल. तिची बोटं हळू होत गेली. मी मनातून खूश झालो होतो. आता सापडली म्हातारी, असं वाटत होतं. तेवढ्यात तिची बोटं थांबली.

"ही लाल एकटीच काहून? हिच्या आंधी हिरवी कोठी हाय?"

मी दोर तयार करण्यात इतका गुंग होतो की ती गाठ विसरूनच गेलो होतो. दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत मित्रांबरोबर मोहाची प्यालो होतो, त्याची होती ती. खोटं बोलायला वेळच मिळाला नाही. मायेनं सगळा दोर गोळा केला आणि त्याच दोरानं पाठीत एक रट्टा दिला. बायको दारामागे हसत होती.

मग मायेनं दोर परत उलगडला. हिरव्या गाठी तिनं पुन्हा एकदा मोजल्या. "म्हंजे मीच तुले दुखवत होती," ती म्हणाली. मी तिचे डोळे पाहिले आणि जिंकल्याची सगळी मजाच गेली. तिच्या हातचा एवढा प्रेमाचा पदार्थ मी तिच्यासमोर गुन्हेगार म्हणून उभा केला होता. पण माय हातपाय गाळून बसणारी नव्हती. संध्याकाळी ती स्वतः खाटकाकडे गेली आणि आजपासून पाय बंद म्हणून सांगून आली.

त्या वर्षी धुळवडीला आमच्या चुलीवर मटण चढलंच नाही. सगळ्या गल्लीत मसाल्याचा वास आणि आमच्याकडे कढी-भात. भाऊ ताटाकडे बघतच राहिला.

"याचा पाय दुखते, त्याले माहा काय कसूर?"

"तू दोन दिवस मटणाबिगर मरत नाही," माय म्हणाली. "जेव मुकाट्यानं."

मागाजवळ तिनं पाण्याचा घडा आणून ठेवला होता. दर चार बोटं कापड विणून झालं की एक गडवा पाणी, असा तिचा हुकूम. मी विणत होतो आणि मागच्या दारी पळत होतो. लुगडं चांगलं सरकत होतं. पावडी दाबताना अंगठा कुरकुर करत नव्हता, आणि मला वाटलं, संपलं आता हे प्रकरण.

पाडव्याला चार दिवस राहिले असताना अंगठ्यात पहिली टोचणी लागली. हे दुखणं असं कोणाच्या शहाणपणाला भीक घालत नाही. हातभर कापड विणायचं राहिलं होतं. आधीच्या वेळी मी दात-ओठ खाऊन तसाच विणत बसलो असतो, आणि नेमकं त्यातच धागे सुटले असते. या वेळी टोचणी लागल्या लागल्या गोळी घेतली, माग जिथल्या तिथं सोडला, पाय उशीवर उंच ठेवून दोन दिवस पडून राहिलो आणि पाणी पीत राहिलो. कामाची माती होत असताना स्वस्थ पडून राहणं, हे मला त्या दुखण्यापेक्षा जड गेलं. तिसऱ्या दिवशी सूज उतरली होती, तरी अंगठ्यावर भार देववत नव्हता. मी उजवा पाय खड्ड्याच्या काठावर ठेवला आणि एकट्या डाव्या पायानं दोन्ही पावड्या दाबायला लागलो. एक दाबायची, पाय उचलून दुसरीवर न्यायचा, ती दाबायची. गोगलगाय बरी, असा वेग. माय कांड्या भरून देत होती, बायको प्रत्येक फट वाकून पाहत होती आणि पुरती उघडली की "हूं" म्हणत होती. तिच्या हूंशिवाय मी धोटा पळवत नव्हतो. शेवटचं हातभर कापड असं दोन दिवसांत निघालं.

पाडव्याच्या सकाळी गुढी उभारून झाली आणि मधले आठ दिवस दुकानाच्या मालासाठी बाहेरगावी असलेला भाऊ अंगणात येऊन बसला. मुरमाच्या ढिगावर फावडं तयार होतं. मी लुगडं त्याच्या हातात दिलं. दुकानात बसून त्याचं पोट सुटलं होतं, पण बोटं अजून विणकराचीच होती. डोळे मिटून तो कापड बोटांमधून सरकवायला लागला. पहिला वार गेला, दुसरा गेला.  माय तुळशीजवळ उभी होती, बायकोनं पदराचं टोक दातांत धरलं होतं. मग एका पायानं विणलेलं शेवटचं हातभर कापड त्याच्या बोटांत आलं. ती बोटं त्यावरून कुठंही न अडता गेली आणि लुगड्याच्या टोकापर्यंत पोचली.

त्यानं डोळे उघडले. "या खेपेले दुखला नाही वाटते?"

"दुखला ना. विणता विणताच दुखला."

"कोण्या जागी?"

"तूच सांग," मी म्हणालो.

भावानं माझ्याकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं. मग त्यानं लुगड्याचं पहिलं टोक पुन्हा हातात घेतलं आणि डोळे मिटून परत सुरुवातीपासून शोधायला बसला.