घासलेलं हाफ डाइम

हाफ डाइम नावाच्या नाण्याची अख्खी जन्मकुंडली मला तोंडपाठ आहे. मला हौस होती म्हणून नव्हे, माझ्या नवऱ्याला होती. इथे आखातात, डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये माणसाला हलायला जागा नाही, पण त्याच्या नाण्यांना स्वतंत्र कप्पा!

डाइम म्हणजे अमेरिकेतले दहा सेंट, आणि हाफ डाइम म्हणजे त्याच्या निम्मं, पाच सेंटचं चांदीचं नाणं. शर्टाच्या बटणापेक्षा थोडंसं मोठं. त्यांच्याकडे यादवी युद्ध झालं तेव्हा लोकांनी चांदी घरात दडवली आणि बाजारात चिल्लर मिळेनाशी झाली. मग सरकारनं तांबं आणि निकेल मिसळून जाडजूड पाच सेंट काढले. काही वर्षं दोन्ही नाणी चालली, आणि अठराशे त्र्याहत्तर साली चांदीचं पाडणं बंद झालं. खलास. नवऱ्यानं हे मला इतक्या वेळा ऐकवलंय की झोपेतून उठवून विचारा, सांगेन.

त्याच्याकडचं हाफ डाइम काळंकुट्ट होतं. मी एकदा म्हटलं, "अरे, जरा पूस तरी." तो केवढ्यानं ओरडला! जुनं नाणं कधी घासायचं नसतं, तो काळेपणा हेच त्याचं वय, तो गेला की जाणकार माणूस नाण्याकडे ढुंकूनही बघत नाही, वगैरे वगैरे. बरं बाबा, म्हटलं, राहू दे काळं.

सासरे गेल्यावर आम्ही सासूबाईंना कायमचं इकडे आणलं. चिपळूणच्या घराला कुलूप लावलं. नवऱ्यानं त्यांच्या व्हिसासाठी किती खेटे घातले ते मी पाहिलंय. आई आपल्याजवळ असावी, एवढंच त्याला हवं होतं. आम्ही दोघं सकाळी सिलिकॉन ओएसिसला ऑफिसात, मुलगी शाळेत. संध्याकाळी आजी मराठीत विचारणार, नात इंग्रजीत उत्तर देणार. सासूबाई दिवसभर कामं शोधत बसायच्या. धुतलेली भांडी पुन्हा धुवायच्या, माझ्या ओढण्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालायच्या. मी चिडचिड करायचे, पण घरात कुणीतरी वाट बघतंय याचं बरंही वाटायचं.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी इथे कसली सुट्टी! आम्ही ऑफिसातून धावतपळत घरी आलो, तर सासूबाईंनी सगळी तयारी करून ठेवलेली. समया, निरांजन, चांदीचं ताम्हन, सगळं दंतमंजनानं घासून लख्ख. ताटात आमचा नेहमीचा लक्ष्मीचा रुपया, आणि त्याच्या शेजारी हळदकुंकू वाहिलेलं, आरशासारखं चकचकीत हाफ डाइम.

त्या नाण्यावर एक बाई बसलेली आहे. अमेरिकेची स्वातंत्र्यदेवी. सासूबाईंना कपाटात ताम्हन शोधताना त्या नाण्याची डबी सापडली होती. त्यांच्या अधू डोळ्यांना चांदीवर बसलेली बाई दिसली. ती लक्ष्मी नाही तर दुसरी कोण असणार? "अरे, लक्ष्मीला अशी काळी ठेवतात का? किती घासली तेव्हा उजळली बघ," त्या कौतुकानं म्हणाल्या.

नवरा पांढराफटक पडला. मग म्हणाला, "आई, आजपासून या घरात कश्शाला हात लावायचा नाही. कळलं?"

"बरं," त्या म्हणाल्या.

आणि खरंच लावला नाही हो. पहिल्यांदा मला वाटलं, रुसल्यात, चार दिवसांत निवळतील. पण रुसवा नव्हताच तो. हसून बोलायच्या, नातीची वेणी कौतुकानं बघायच्या. घालायच्या मात्र नाहीत. "पाणी घेऊ का गं?" "टीव्ही लावला तर चालेल?" मी काढून ठेवलेलं तेवढंच जेवायच्या. नवऱ्यानं माफी मागितली, पायाशी बसून मागितली. "अरे, वेडा आहेस का, मला कसला राग?" म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा, "बडीशेप घेऊ का?" माझा जीव तुटायचा. "अहो आई, घर तुमचं आहे," मी ओरडायचे. "हो गं," त्या म्हणायच्या.

डॉक्टरांनी त्यांची मधुमेहाची गोळी वाढवली, त्याच आठवड्यातली गोष्ट. मुलगी अजून क्लासवरून यायची होती. आम्ही दोघं घरी आलो तर सासूबाई स्वयंपाकघरात फरशीवर, ओट्याला टेकून बसलेल्या. अंग घामानं भिजलेलं, ओठ पांढरे. साखर उतरली होती. साखरेचा डबा ओट्यावर, त्यांच्या डोक्याशीच. असं झालं तर चमचाभर साखर तोंडात टाकायची हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

नवऱ्यानं मुठीनं साखर काढून त्यांना भरवली. मी अँब्युलन्सला फोन लावला. हळूहळू त्यांची नजर जागेवर आली.

"आई, समोर साखर होती गं. का नाही घेतलीस?"

"तुम्ही कुणीच नव्हतात ना घरात," त्या म्हणाल्या. "विचारणार कुणाला?"

तो त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागला. पन्नाशीचा माणूस. सासूबाईंनी त्याच्या केसांवरून फिरवायला हात उचलला, आणि तो तसाच वर थांबला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी त्यांचा हात धरला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला. मी सोडल्यावर त्यांनी तो हळूच काढून घेतला.