खेळीमेळीत पार पडलेली सभा

मल्लिनाथअण्णा गेल्याचं मला जाहिरातीतून कळलं. तिसऱ्या पानावर खाली चौकट, त्यात अण्णांचा जुना फोटो आणि मजकूर, ‘आमच्या बँकेचे हितचिंतक, ज्येष्ठ पत्रकार मल्लिनाथअण्णा यांना भावपूर्ण श्रद्धांजली.’ खरं सांगते, रडू यायच्या आधी संशय आला. हितचिंतक? ज्या माणसानं आमच्या दैनिकात उभा जन्म सहकारी बँकांच्या बातम्या केल्या आणि एकाही बँकेचा चहा घेतला नाही, त्याला मेल्यावर खिशात घालायची यांना एवढी घाई कसली...? मग कुठं लक्षात आलं की अण्णा खरंच गेले, आणि मी पेपर घडी करून ठेवला.

संशय घ्यायला मला अण्णांनीच शिकवलं. मी उपसंपादक, ते समोरच्या टेबलावर. बँकेच्या वार्षिक सभेला गेले की पत्रकारांच्या खुर्च्या सोडून मागं सभासदांत बसायचे. अहवाल शेवटून वाचायचे. म्हणायचे, “पुढं फोटो असतात, लपवायचं ते मागं असतंय.” सगळ्यांचे पगार एका बँकेत जमा करायचं ठरलं तेव्हा हे एकटे अडून बसले, चेक घ्यायचे आणि पोस्टात भरायचे. भाचीच्या बारशाचे पेढे मी वाटले, तर हात आखडून विचारलं, “हे कुठल्या बँकेचं म्हणायचं?” अख्खं ऑफिस हसलं. मीही हसले, पण मनातून चिडलेच होते. त्यांच्या संशयातून सुटलेले फक्त आमचे संपादक, बाळासाहेब. दोघं बरोबरच नोकरीला लागलेले, उमेदवारीत एका खोलीत राहिलेले. ऑफिसात त्यांना ‘बाळ्या’ म्हणायची हिंमत फक्त अण्णांची.

मग ती सभा आली. सभा रविवारी, आणि बँकेची प्रेसनोट शनिवारी दुपारीच हजर! ‘सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली. सर्व विषय एकमताने मंजूर झाले.’ सोबत अर्ध्या पानाची जाहिरात. मी सोमवारचं पान लावून मोकळी झाले. रविवारी अण्णा सभेहून तणतणत आले. नरसम्मा नावाच्या विडी कामगार, बँकेच्या जुन्या सभासद. संचालकाच्या जावयाला कर्ज कशावर दिलं, असं विचारायला त्या उभ्या राहिल्या, तर त्यांचा माइकच बंद केला. पाठोपाठ ‘मंजूर, मंजूर’चा गलका, आणि दहा मिनिटांत सभा गुंडाळली. अण्णांनी हे जसंच्या तसं लिहून माझ्या हातात दिलं.

मी ते लावलं नाही. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. जाहिरातीच्या शेजारी असली बातमी गेली की जाहिरात विभाग सोमवारी डोकं खाणार, शिवाय लावलेलं पान पुन्हा मोडायचं... मला कटकट नको होती, एवढंच. अण्णांचे कागद खणात सारले आणि प्रेसनोट तशीच जाऊ दिली.

सकाळी अण्णांनी विचारलं, “माझी बातमी कुणी काढली गं?”

मी म्हणाले, “वरून आलं.”

आमच्या वर बाळासाहेबांशिवाय कुणीच नव्हतं.

छापलेल्या बातमीवर कुणाचं नाव नव्हतं, पण बँकांचं कोण लिहितं हे साऱ्या गावाला ठाऊक. नरसम्मांनी अण्णांना ऑफिसच्या जिन्यातच गाठलं. “आमच्यात बसून आमचाच गळा कापला की तुमी. किती घेतलाव?” बातमी वरून काढली, हे अण्णांनी सांगितलं नाही. दैनिकाची अब्रू चव्हाट्यावर मांडायची त्यांची तयारी नव्हती. बाळासाहेबांशी मात्र त्यांनी त्या दिवसापासून बोलणं टाकलं. “मल्ल्या, झालंय काय तुला?” असं बाळासाहेबांनी दोनदा विचारलं, हे तोंड फिरवून गेले. हळूहळू बाळासाहेबांनाही वाटायला लागलं, नरसम्मा म्हणतात ते खरं, यानं पैसे घेतले असणार, म्हणून नजर देत नाही. दोघं जिवलग एकमेकांना विकला गेलेला समजत निवृत्त झाले, आणि मी दोघांच्याही निरोप समारंभात भाषण केलं. अण्णांवर माझा फार जीव होता. तरी मी त्यांचं नाव खराब होऊ दिलं, याची मला आज लाज वाटते.

मागच्या आठवड्यात त्यांच्या घरी गेले. वहिनींनी अण्णांची खोली दाखवली. निवृत्तीनंतरही ते रोज सकाळी पेन्सिल घेऊन बसत आणि बँकेच्या प्रत्येक बातमीशेजारी ती खरी कुणाची, ते लिहीत. ‘बँकेनंच’, ‘जाहिरातवाल्यांनी’, क्वचित ‘वार्ताहरानं’. जुन्या कात्रणांची फाईल टेबलावरच होती. मला हवं ते, म्हणजे नको असलेलं, त्या सभेचं कात्रण तिच्यात सापडलं. शेजारी बारीक अक्षरात, ‘बाळ्यानं.’

इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आले होते की अण्णांनी मला कधीच ओळखलं असेल, आणि मोठ्या मनानं माफही केलं असेल. त्यांनी यात माझ्यावर साधा संशयही घेतला नव्हता... मी तिथलीच पेन्सिल उचलली, ते नाव खोडलं आणि माझं लिहिलं.

“काय लिहायलीस गं?” वहिनी दारातून म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं. त्या पलंगावर बसल्या. कात्रण हातात घेऊन त्यांनी खोडलेलं नाव वाचलं.

“बाळासाहेब अजून हाईत,” त्या म्हणाल्या. “त्यास्नी सांग.”

“घरी गेल्या गेल्या फोन करते, वहिनी.”

“न्हाई.” त्यांनी माझी पर्स माझ्याकडं सरकवली. “हितं कर. माझ्यासमोर.”