पिशवीतली किल्ली

कुलूपबाई हे नाव त्यांना बिल्डिंगने ठेवलं होतं, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. राग नव्हता. फक्त नाव पहिल्यांदा कोणी काढलं याबद्दल त्यांचा वरच्या मजल्यावरच्या शिंप्यावर संशय होता.

बाईंची सगळी नोकरी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेली. सकाळी कामगारांना हत्यारं द्यायची, संध्याकाळी परत घ्यायची. तिथे एका जिवाभावाच्या मैत्रिणीकडे त्यांनी दुपारपुरती किल्ली दिली आणि तांब्याची तार गायब झाली. मैत्रीण नोकरी सोडून गेली, आळ बाईंवर राहिला. तेव्हापासून बाई ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून पीत. घराच्या दाराची किल्ली एकच, ती त्यांच्या कमरेला. मुलगा कामासाठी महिनोन्‌महिने बाहेरगावी, घरात सासू आणि सून. त्या सुनेलाही किल्ली मिळाली नाही. चष्म्याच्या दुकानातून ती दमून यायची, बेल वाजवायची आणि जिन्यात उभी राहायची.

"कोण?"

"मी, आई."

"एकटीच ना?"

आता सून काय फौज घेऊन येणार होती? पण विचारल्याशिवाय बाईंची कडी निघत नसे.

हल्ली मात्र बाईंच्या मनात पाल चुकचुकत होती. सून फोनवर हळू बोलायची. तिच्या खोलीत दाराआड रिकामी खोकी येऊन पडली होती. ही मुलाला घेऊन वेगळी निघणार, नक्की. आणि मग या घरात आपण, कडी आणि कुलूप! पण "जाऊ नकोस" हे शब्द काही तोंडातून निघेनात. म्हणून एका रविवारी त्या सुनेशेजारी सोफ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "ते टीव्हीवर काय बडवत असतेस, मलाही दाखव." हेतू नजर ठेवण्याचा, दुसरं काय!

तो जोडीनं खेळायचा जुना भुताचा व्हिडिओ गेम होता. ओसाड इस्पितळ, फिरणारी मढी, आणि दोघींनी मिळून बाहेर पडायचं.

"यात भुतं फारशी नाहीत, आई," सून म्हणाली. "भीती असते ती दाराची. पलीकडे काय आहे ते उघडेपर्यंत कळत नाही. आवाज तेवढा येतो. आणि बंदुकीच्या गोळ्या मोजक्याच. पोतंभर दिल्या असत्या तर कोण घाबरलं असतं?"

बाईंना हे एकदम पटलं. स्टोअरचं तत्त्वच होतं ते.

"मुडदा दिसला की उडवायचा नाही," सून शिकवू लागली. "जागा रुंद असेल तर बगल देऊन सटकायचं. बोळात अडवलं तर जवळ येऊ द्यायचा, गुडघ्यावर मारायचं, पडला की पळायचं. कोपऱ्यात पाठ लावून उभ्या राहू नका, घेरतात. बंदूक सुरक्षित खोलीत असतानाच भरून घ्यायची. आणि जखम झाली की औषध घ्या, ते जपून ठेवायला नसतं."

पुढच्या बोळात एक मढं आडवं पडलं होतं. सून ओलांडून निघाली.

"थांब! हा मेलेला नाही. सोंग घेतलंय मेल्याने."

आणि खरंच ते उठलं! सुनेने किंकाळी फोडली, मग दोघी हसत सुटल्या. बाई कितीतरी दिवसांनी अशा हसल्या. पुढचे काही रविवार दुपारी हाच उद्योग चालला. एकच भानगड होती. दिसेल ते बाई उचलत आणि पिशवीत टाकत. सुनेने गोळ्या मागितल्या की उत्तर ठरलेलं, "राहू दे, पुढे लागतील."

शेवटच्या मजल्यावर एक अवाढव्य राक्षस मागे लागला. "आई, किल्ली तुमच्याकडे आहे, दार उघडा, मी याला थोपवते!" सून ओरडली. बाईंनी दार उघडलं, आत शिरल्या, आणि हाताच्या सवयीने मागे दार लावून घेतलं. कुलूपही घातलं.

बाहेर पडद्यावरची सुनेची बाहुली दारावर मुठी आपटत होती.

"आई, दार उघडा!"

"तो मागोमाग आत घुसला तर?"

मुठींचा आवाज थांबला, राक्षसाने बाहुली मारली होती. एकटीला पुढे जाता येत नव्हतं, खेळ संपला. सुनेने पडद्यावर बाईंची पिशवी उघडून पाहिली. गोळ्या, औषधं, सगळं जिथल्या तिथे.

सून हसली नाही. "इथेही बेल वाजवायला हवी होती का, आई?" एवढंच म्हणाली आणि खोलीत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी बाई किल्लीवाल्याकडे गेल्या आणि दुसरी किल्ली बनेपर्यंत त्याच्या डोक्यावर उभ्या राहिल्या. "जास्तीची नाही ना केलीस एखादी?" तो म्हणाला, "बाई, तुमच्या घरी येऊन मला काय मिळणार, शिव्याच ना?"

संध्याकाळी बेल वाजली. बाईंनी काही न विचारता दार उघडलं आणि किल्ली सुनेच्या हातावर ठेवली.

सुनेने ती उलटसुलट करून पाहिली. "कशाची?"

"दाराची."

"का देताय?" तिचे डोळे बारीक झाले. "आम्ही जागा बघतोय ते कळलं, म्हणून?"

हा सूर बाईंना चांगलाच ओळखीचा होता, त्यांचा स्वतःचाच. त्यांना भारी लाज वाटली.

"ते मला खोक्यांवरूनच कळलंय. तू जाऊ नयेस असं वाटतं मला. तरी जायचं तर जा. पण काल तू दाराबाहेर मेलीस गं, आणि किल्ली माझ्या पिशवीत होती. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही."

सुनेने किल्ली पर्समध्ये टाकली.

दुसऱ्या दिवशी बेल वाजलीच नाही. कुलपात किल्ली खुळखुळली. बाई तडक दाराशी गेल्या. हात कडीकडे गेला. आज कडी लावलेली नव्हती. बाईंनी हात मागे घेतला.

किल्ली नुसतीच खडखडत राहिली.

"आई, उघडत नाहीये हो! उघडा ना!"

"मी नाही उघडणार," बाई आतून म्हणाल्या. "तुझं तू उघड. उलटी फिरव गं, उलटी!"